चारही खण एका मापाचे

बाईंनी दिलेला फोटो पोस्टकार्डाएवढाही नव्हता. त्यात लहानपणीच्या बाई धरून चार भावंडं ओळीनं उभी, आणि त्यांच्या मागे ओढायच्या चार खणांचं एक नक्षीदार लाकडी कपाट. मलकापुरातला कापसाचा धंदा आवरून निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून बाईंच्या आजोबांनी ते घेतलं होतं. पुढे वाटण्या झाल्या आणि कपाट कुणीतरी विकून टाकलं. आता सत्तरी ओलांडल्यावर बाईंना ते पुन्हा घरात हवं होतं. "तेच काही मिळणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुझ्या बाबांना नक्षी येते. अगदी तसंच करून द्या."

या बाईंनी मला शाळेत गणित शिकवलं. दहावीनंतर बाबा मला दुकानातच घेणार होते. तेव्हा बाई स्वतः आमच्या चिखलीच्या सुतारदुकानात आल्या, भुशात उभ्या राहिल्या, आणि मला विज्ञानाला घालायचं कबूल करून घेऊनच गेल्या. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हे कपाट बाईंच्या मनासारखं व्हावं, याहून जास्त मला तेव्हा काही नको होतं. बाबांनाही नको असावं. कित्येक वर्षं ते प्लायवूडची कामंच करत होते. कोरायच्या पटाश्या त्यांनी जुन्या फडक्यातून काढल्या आणि दोन दिवस नुसती धार लावत बसले.

फोटो मी मोबाइलवर मोठा करून दाखवला. कोपऱ्याच्या खांबांवर पानं कोरलेली होती, कातरलेल्या, टोकदार कडांची.

"हे कशाचं पान हाय बे?"

मी शोधून सांगितलं, की तिकडे युरोपात होणारं एक काटेरी झाड आहे.

"तिकडं कायले जातं? पिवळा धोतराच त हाय हा!"

मेहकर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून, हाताला रुमाल गुंडाळून त्यांनी धोतऱ्याची पाच-सहा पानं तोडली आणि ती समोर ठेवून खांब कोरले. मधेच हसायचे. "साहेबाच्या कपाटावर धोतरा. बाई म्हनतीन, सुतारानं तन पेरलं." ही नक्कल म्हणायची की नाही, मला कळेना. पण पान पुरं झाल्यावर फोटोतलं आणि खांबावरचं मला वेगळं करता येईना.

मापं काढायचं काम माझं होतं. फोटोत वरचा खण लहान आणि खालचे मोठे होत गेलेले दिसत होते. सगळ्यात खालचा तर भावंडांच्या पायांनी अर्धा झाकलेला. मी विचार केला, फोटोवाल्यानं खाली बसून कॅमेरा धरला असणार. जे जवळ ते मोठं दिसतं. म्हणून मी एकूण उंचीचे सरळ चार सारखे भाग केले आणि आलेखाच्या कागदावर स्वच्छ आकृती काढली. बाईंना एकदा विचारता आलं असतं. पण मला त्यांच्यासमोर तयार वस्तूच न्यायची होती.

बाबा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. "मले त खालचा मोठा दिसून राह्यला फोटोत."

"दिसतो, पण नसतो. कॅमेऱ्याचं तसंच असते, बाबा."

"असं असते काय?"

"हाव."

"मंग बराबर," ते म्हणाले आणि माझ्या कागदाप्रमाणे लाकडावर रेघा मारल्या. काम चालू असताना ते दोन-तीनदा मागे सरले, डोळे बारीक करून कपाटाकडे पाहिलं. मला वाटलं, नक्षी पाहत असतील.

कपाट बाईंच्या खोलीत ठेवलं तेव्हा त्यांनी आधी खांबावरून हात फिरवला. पानांवर बोट थांबलं. "हेच," त्या म्हणाल्या. मग आतून त्यांनी आपल्या आईच्या हातच्या दोन गोधड्या आणल्या. या नेहमी खालच्या खणातच असायच्या, म्हणाल्या. गोधड्या आत ठेवल्या, खण लोटला. लागेना. तळहातांनी दाबून पाहिलं, घड्या बदलून पाहिल्या. खण तिथेच अडला. शेवटी त्यांनी एक गोधडी काढून मांडीवर घेतली.

"असू दे. एकच ठेवते."

बाबा लगेच म्हणाले, "माह्या हातून चुकलं, बाई."

मी म्हणालो, "नाही बाई, मापं माझी होती. बाबांना खालचा मोठा दिसला होता. मीच नाही म्हणालो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "गणितात तर तू कधी चुकायचा नाहीस."

"गनित बराबरच हाय त्याचं," बाबा म्हणाले. "चारही खन एका मापाचे हायेत. सुताभर फरक नाही."

ते मला सावरत होते की माझी चूकच पुढे करत होते, मला समजलं नाही. आजही नीट सांगता येत नाही. बाई मात्र मोठ्यानं हसल्या आणि चहा टाकायला उठल्या. गोधडी त्यांच्या काखेतच होती.

कपाट आम्ही परत आणलं. कोपऱ्यांची नक्षी वाचणार होती, खण मात्र चारही नव्यानं करावे लागणार होते. दुकानात उतरवल्यावर मी विचारलं, "तुमाले दिसत होतं ना? मंग काऊन नाही बोलले?"

"बोललो त होतो."

"एकदाच बोलले."

त्यांनी एक खण बाहेर ओढला, उलटा करून पाहिला. "तू एवढा शिकला. कागदावर काढून आनलं. मले वाटलं, माह्याच डोयाची चूक असन."

ज्या शिक्षणासाठी मी त्यांचा आणि बाईंचा जन्मभर ऋणी आहे, त्यानंच त्यांच्या नजरेवरचा त्यांचा भरवसा काढून घेतला होता. आणि त्यांना त्याचं वाईटही वाटलेलं दिसत नव्हतं.

बाबांनी कोपऱ्याचा एक खांब सोडवून नव्या रेघांसाठी समोर आडवा ठेवला, कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"सांग आता, खालचा किती ठेवू?"

"तुमीच सांगा."

"तू सांग ना बे. तुले कयते."

पेन्सिल तशीच दोघांच्या मधे राहिली. मी ती घेतली नाही, आणि त्यांनी हात मागे घेतला नाही.