खाली कोणतं गाव हाय?

माझ्या थोरल्या साडूंना आवडेल अशी वस्तू जगात अजून तयार व्हायची आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, हे यजमान; आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. आमच्या सेनगावाकडच्या गोरेगावात त्यांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक कापडाला हात लावायच्या आत हेच सांगून मोकळे होतात, "धुतल्यावर आटतंय." तरी दुकान चालतं. लग्नाच्या पंगतीत पहिला घास तोंडात जाण्याआधीच वरणात मीठ कमी असतं. त्यांच्या मुलानं आईबापाला स्वित्झर्लंडला बोलावलं तेव्हा, मला इंग्रजी येतं या अफवेवर विसंबून, सोबतीला मला धाडण्यात आलं. विमानात दादांचा पहिलाच सवाल, "खिडकी उघडत न्हाई, तर खिडकीची शीट म्हणून भाव काहून खाते?"

मुलाच्या घरासमोर भलंमोठं तळं होतं. उन्हाळ्यात सगळा गाव त्यावर होड्या घेऊन उंडारायचा. दादा रोज बाकावर बसून त्यांची हजेरी घेत. "सकाळी जातेत, सांजच्याला हितंच येतेत. मग गेल्ते काहून?" आठ माणसांच्या होडीत दोघंच बसलेले पाहिले की त्यांचा जीव तुटायचा. आमच्याकडं सेनगावची जीप दोन माणसं बाहेर लोंबकळल्याशिवाय हलत नाही. एकदा तर ते उठून रस्त्यानं जाणाऱ्या गोऱ्यांना ओरडू लागले, "चला, सहा शिटा खाली!" गोऱ्यांनी हसून हात हलवला. या लोकांना धंदा कळत नाही, असा निकाल त्याच दिवशी लागला.

अक्कांना मात्र होडीत बसायचं होतं. "भाऊजी, एक डाव तरी बसावं वाटतंय. त्या म्हाताऱ्या बी बसून राहिल्यात की." दादांचं उत्तर ठरलेलं, "आधी खाली कोणतं गाव हाय ते सांगा."

मी हसलो, आणि हसणं मध्येच थांबलं. सिद्धेश्वरच्या धरणात त्यांचं गाव गेलं, तेव्हा ते पाटी-पेन्सिलच्या वयाचे होते. एवढं पाणी एका जागी साठतं ते एकाच रीतीनं, हे त्यांनी तेव्हाच पाहून ठेवलं होतं. तळं डोंगरावरच्या वितळलेल्या बर्फाचं आहे, कोणी बांधलेलं नाही, असं मुलगा सांगून थकला. "तुह्या कंपनीनं सांगितलं व्हय? लोकाच्या चुलीवरून हवा खात फिरत नसतेत."

परतीचं तिकीट जवळ आलं. अक्कांनी विचारणं सोडलं. बाकावर न बसता त्या काठाशी उभ्या राहू लागल्या. दादांना ते दिसलं असावं. मुलगा ऑफिसात असताना त्यांनी मला फर्मावलं, "पाव्हणे, जा, होडीवाल्याला विचारून या."

गेलो. होडीवाल्यासमोर अफवा उघडी पडली. बोटं दाखवून तिघांची तिकिटं घेतली आणि परत येऊन म्हणालो, "विचारलं. कोणतंच गाव नाही. पहिल्यापासून तळंच." विचारता आलंच नव्हतं, हे मी आजवर कोणाला बोललो नाही; बायकोलाही नाही.

दादांनी बूट काढून काठावर जोडीनं ठेवले. "तुमच्यावर इस्वास हाय. पण पायात नको."

होडी पायानं चालवायची होती, म्हणजे भाड्याची सायकल पाण्यात मारायची. पाय माझे, मार्गदर्शन त्यांचं. "वाकडी चालली. आता तिकडं वाकडी चालली." अक्का पाण्यात हात सोडून बसल्या होत्या. मध्यावर आलो आणि मागून आवाज बंद झाला. चुका काढणं थांबलं म्हणून मी घाबरून वळून पाहिलं. दादा वाकून खाली पाहत होते.

"खाली कोणी न्हाई म्हणला ना तो होडीवाला?"

"नाही."

"मग चालतंय. जागा मोकळी हाय." त्यांनी अक्कांना दाखवायला बोट पाण्याकडं केलं. "हे बघ, ही आमची वेस. हा मारुतीचा पार. त्याच्या मागं घर. दारात बाभूळ व्हती, आई शेरडं बांधायची तिला."

अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा ते घर पाण्याखाली जाऊन वर्षं झाली होती. त्याबद्दल नवऱ्याच्या तोंडून त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी पदर सावरला आणि वाकून पाहिलं, घर दिसतंय तसं.

"आन् माझी वरात कुठून आली असती?"

दादांनी इकडंतिकडं पाहून अंदाज घेतला. "पाव्हणे, जरा फिरवा. वेशीतून आत घेऊ हिला."

काठावर होडीवाला वेळ संपल्याचे हात करत होता. मी होडी वेशीकडं वळवली.