केरूचा टीव्ही पाल निघाला

जपानला जाऊन आल्यापासून केरू माणसात राहिला नव्हता. कुपवाडच्या एका कारखान्यात तो वीस-बावीस वर्षं लोखंडाला भोकं पाडत होता. तिथं अठ्ठ्याण्णव साली जपानी मशीन आलं आणि ते शिकून घ्यायला मालकानं केरूला तीन आठवडे तिकडं धाडलं. झालं! आल्यापासून याची टकळी सुरू. चहा गोड झाला, जपानात असा नसतो. एसटी उशिरा आली, जपानात गाडी बघून घड्याळ लावावं. कच्चा मासा म्हणे काड्यांनी खाल्ला, तोही मिटक्या मारत. रोज ऐकून ऐकून त्याची बायको पारूबाई पार विटली होती.

"येवढं ग्वाड लागलं तर तिकडंच ऱ्हायचं हुतं की," ती म्हणायची.

पण खरा घाव घातला अर्जुनानं. अर्जुना केरूच्याच पाळीतला गडी, गल्लीतच राहणारा. त्यानं बुद्धविहाराच्या कट्ट्यावर पुडी सोडली, "ह्यो कुठला जातोय जपानला! पुण्याला कंपनीच्या खोलीत झोपा काढल्या असत्याल गड्यानं." आणि लोकांना काय, तेवढंच पाहिजे असतं. पासपोर्ट कंपनीनं काढून घेतलेला. फोटोत केरू एका भिंतीपुढं उभा, आणि भिंत काय, पुण्यातही असते. बघता बघता केरूचं नावच पडलं, 'पुणेरी जपानी'.

केरूचं जेवणावरचं मन उडालं. उडणार नाही तर काय! छप्पन साली बापाचं बोट धरून दीक्षा घेतलेला माणूस. तिकडं डोंगराएवढ्या बुद्धमूर्तीपुढं आपण वंदना म्हटली, असं तो सांगत होता. हे खोटं ठरलं तर मशीन, मासा, काड्या सगळं गेलं चुलीत, पण माणूस बुद्धाच्या नावानं खोटं बोलला असा डाग लागायचा. तो कशानं धुणार?

पुरावा होता. निघताना जपानी साहेबानं एक कॅसेट दिली होती, त्या मूर्तीपुढच्या शूटिंगची. केरूनं भाड्यानं व्हीसीआर आणला, रविवारी दुपारी सगळी गल्ली घरात बसवली आणि बटण दाबलं. टीव्हीवर काळंपांढरं काहीतरी भराभरा वर सरकू लागलं. बुद्धाचे पाय वर, डोकं खाली, मधून एक जाडजूड काळी पट्टी. टीव्हीचा फाटका स्पीकर नुसता गुरगुरत होता.

"जपानात समदी उलटी चालत्यात व्हय रं?" अर्जुनानं विचारलं, आणि घर हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी केरूनं सांगलीतलं टीव्हीचं एक मोठं दुकान गाठलं. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुमची कॅसेट जपानची, एनटीएससी. तुमचा टीव्ही पाल. जमायचं नाही."

केरूचा चेहरा उजळला. "पाली? आवं शेठ, मंग तर आमचाच की! आमची समदी वंदना पालीतच हाय."

"पाली नाही हो, पाल! टीव्हीची पद्धत असते ती."

"त्येच म्हंतोय मी," केरू म्हणाला आणि अभिमानानं घरी आला. पारूबाईला त्यानं सगळं समजावून सांगितलं. तिनं त्यातली तेवढी पाल उचलली. उचलली ती उचलली, वर खराटा घेऊन टीव्हीच्या मागं उभी राहिली आणि दणादण पाठीत घालत सुटली. "भायेर नीघ, भवाने! माझ्या बुद्धाला उलटा करतीस व्हय?" पाल काही निघाली नाही. टीव्हीच्या डोक्यावरची फुलदाणी मात्र फुटली.

दिवाळीचा बोनस हातात आला तसा केरू पुन्हा दुकानात. आता माघार नाही! दुकानदारानं होम थिएटरचे दोन रिसीव्हर, म्हणजे व्हीसीआर, टीव्ही आणि स्पीकर जोडायचे डबे, पुढं ठेवले. दोन्हींना पाच-पाच स्पीकर, आवाज असा की छातीत घुमावा. पण दुसऱ्याच्या पाठीला भोकंच भोकं होती आणि त्यात म्हणे व्हिडिओ कन्व्हर्जन होतं. भोकांची पारख केरूला होतीच. त्यानं बोट फिरवून बघितलं. काम झ्याक होतं.

"कन्व्हर्जन म्हंजी?"

"म्हणजे एका प्रकारचं चित्र आत घ्यायचं, दुसऱ्या प्रकारचं करून बाहेर द्यायचं."

"मंग ह्योच बांधा. शेठ, आमी सोता कन्व्हर्ट झालेली माणसं. एका सकाळी झालो. ह्याला किती येळ लागंल?"

"बटण दाबलं की झालं!"

दुकानदार खोटं बोलला नाही, हीच तर मेख. तो रिसीव्हर पिवळ्या वायरीतलं चित्र उचलून दुसऱ्या जातीच्या वायरीत घालायचा. जात बदलायची ती वायरीची, चित्र आपलं होतं तसंच जपानी. पण हे विचारायला केरूला सुचलं नाही आणि सांगायला त्या बाबाची जीभ वळली नाही.

पुन्हा रविवार, पुन्हा भाड्याचा व्हीसीआर, पुन्हा गल्ली. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, पाचवा टीव्हीच्या डोक्यावर. एका स्पीकरला टेकून म्हातारी हरणाबाई ऐसपैस बसली. केरूनं बटण दाबलं. बुद्धाचे पाय वर, डोकं खाली, मधून काळी पट्टी. अर्जुना तोंडावर रुमाल धरून हसायला लागला. बंद करावं म्हणून तो उठला, तेवढ्यात पाची स्पीकरमधून घंटा घुमली.

जपानी साहेब काहीतरी बोलला. मग केरूचाच आवाज आला, त्रिसरण, मग पंचशील, सगळं कसं स्वच्छ. गल्लीनं आपसूक हात जोडले. वर सरकणाऱ्या त्या पट्टीला जोडले, पण जोडले. वंदना संपली. कॅमेरा मात्र चालूच राहिला होता, आणि हरणाबाईच्या पाठीमागून कुजबुज ऐकू आली.

"मागायचं नसतं, ठाव हाय मला. पर येवढं एक कर. मला घरला धाड. हितं कुणी बोलाय न्हाई. मासा घशाखाली उतरत न्हाई. पारूच्या हातची भाकरी... पारू, लय आठवण येतीय गं..."

मग हुंदका. मग केरूनं नाक शिंकरलं, ते पाची स्पीकरमधून एकदम.

"बुद्धाला मागत नसत्यात रं लेकरा," हरणाबाई मागं वळून स्पीकरलाच म्हणाली.

अर्जुनाचा रुमाल खाली आला. "गेल्ता गड्या," तो म्हणाला. "ह्यो खराच जपानला गेल्ता. पुण्यात बसून कोण असं रडतंय?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. केरू जिंकला होता, पण धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं त्याला झालं होतं. माणसं जाताना एकेक त्याच्या पाठीवर हात ठेवून गेली, तेव्हा तर त्याला कुठं बघावं कळेना.

घर रिकामं झालं. पारूबाई वायरी गुंडाळत बसली. वर काही बघेना.

"ते मशीनचं काय खरं नसतं," केरू म्हणाला. "कायबी ऐकू येतं."

"आवं, कितव्या दिशी?"

"काय?"

"रडला त्ये."

केरूनं बराच वेळ रिसीव्हरच्या भोकांवरून बोट फिरवलं. "चवथ्या."

पारूबाईनं वायरीला गाठ मारली. "मी तुमी यष्टीत बसला तवाच."