मायक्रॉनचा चेंबर

कारखान्यात सगळे त्याला मायक्रॉन म्हणत. तपासणी खात्यात होता. केसाएवढा फरक सापडला तरी दुसऱ्याचं दिवसभराचं काम परत पाठवायचा आणि वर त्यालाच चहाला बोलवायचा. घरीही तोच खाक्या. पोरं मोटारसायकली सुसाट नेतात म्हणून फाटकाबाहेर स्पीडब्रेकर घालून घेतला, स्वतः उन्हात उभा राहून. गवंडी म्हणाला, पुरे. हा म्हणाला, अजून थोडा उंच.

सासऱ्यांनी तरुणपणी शर्यतीत पिटाळलेली दोन दारांची गाडी त्याच्याकडे आली होती. इंजिनाखालचं तेलाचं भांडं, ज्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात, ठोके खाऊन खाऊन गळत होतं. सासऱ्यांची मागणी एकच. मुलाकडे परगावी कायमचं राहायला जायच्या आधी एकदा या गाडीतून फेरी मारायची.

काम एवढंच. नवा चेंबर आणायचा, गॅसकेट लावायचं, बोल्ट आवळायचे. एका माणसाची एक दुपार. मायक्रॉनने त्यात अख्खा उन्हाळा घातला.

साधा पत्र्याचा त्याला किरकोळ वाटला. ॲल्युमिनियमचा ओतीव मनात भरला, पण दगड लागला की तडकतो असं कोणीतरी कानात घातलं. मग सापडला शर्यतीचा खोल चेंबर. आत आडव्या पट्ट्या, म्हणजे भरधाव वळण घेतलं तरी तेल एका बाजूला पळत नाही.

"अहो, वळणावर सायकलवाले तुम्हाला मागे टाकतात," बायको म्हणाली. "तेल पळून पळून जाणार कुठे?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला बाबा कळतात. रोज सकाळी बूट घालून बसतात ते."

शेवटी खोलच आला. तेल ओढणारी नळीही त्याच्या मापाची लांब आणली. तिथे त्याने कसूर केली नाही, हे कबूल करायला हवं. पण गाडीखाली झाकलेली वस्तू लोकांना दिसणार कशी? म्हणून जमिनीवर आरसा ठेवला. शेजारी वाकून बघत, आणि मान अवघडली की छान आहे म्हणत.

निघायच्या आदल्या दिवशी सासरे पुढच्या सीटवर बसले. गाडी फाटकाबाहेर पडली आणि स्पीडब्रेकरपाशी थांबली. मायक्रॉन उतरला, पालथा पडला, खाली बघितलं. खोल चेंबर उंचवट्याला घासणार होता. उठला तेव्हा शर्टाला धूळ होती आणि तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाबा, जरा उतरता? वजन कमी झालं की निघेल. पलीकडे परत बसा."

"आणि येताना?"

"येतानाही जरा..."

"जावईबापू, मी फेरी मारायला आलोय की गाडीला पोचवायला?"

"दुसरी वाट नाही, बाबा," बायको फाटकाला टेकून म्हणाली. "आणि हा उंचवटा यांनी जातीने करून घेतलाय."

सासऱ्यांनी पट्टा आणखी आवळला. मायक्रॉनने त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे बघितलं, आत बसला आणि गिअर टाकला.

खालून कर्रकन आवाज आला. लांबत गेला.

"हां," सासरे मागे रेलत म्हणाले. "आता माझी गाडी वाटली. दाब."

त्याने दाबली. तेल कुठे पळालं नाही, ओरखड्यातून गळलंही नाही.

सासरे गेल्यावर त्याने आरसा उचलून भिंतीला लावला आणि गवंड्याला बोलावलं.

"उंचवटा किती कमी करू?"

मायक्रॉनने दोन बोटं दाखवली. "अंदाजाने घे."

गवंडी बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिला.