गेमला लावलेला हॉर्न

आमच्या टीव्ही गेमला हॉर्न होता. खराखुरा, ट्रकचा. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, कशाला? आता कशाला म्हणजे काय? आबांना हॉर्नशिवाय गाडी चालवता यायची नाही, म्हणून.

आबा म्हणजे माझे वडील. ट्रक चालवायचे. बोर्ली पंचतनच्या अलीकडे आमचं गाव, तिथून चिरे, सुपारी, मिळेल तो माल भरून पनवेलपर्यंत जायचे आणि दोन-चार दिवसांनी परतायचे. गावात शिरताना एक आंधळं वळण आहे. तिथे ते हॉर्न द्यायचे, दोन तोकडे आणि एक लांब. तो खास आईसाठी असायचा. तो ऐकला की आई हातातलं काम टाकून न्हाणीच्या चुलीवर पाणी चढवायची, कारण धुळीने माखलेल्या माणसाला ती उंबरा ओलांडू देत नसे.

अशाच एका खेपेला त्यांनी गेम आणली. कॅसेटवर छापलेलं होतं की आत लाखभर गेम आहेत. होत्या चार, त्याच पुन्हा पुन्हा नावं बदलून! चांगलाच गंडवला होता दुकानदाराने. पण त्या चारांत एक मोटारींची शर्यत होती, तेवढ्यावर आम्ही खूश. कॅसेट चालेनाशी झाली की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा ठोकून बसवायची. अख्ख्या गावाची फुप्फुसं त्या कॅसेटीत गेली असतील.

वीज मात्र मनात आलं तर यायची. मग आबांनी ट्रकची जुनी बॅटरी घरात आणून ठेवली. गाडी उचलण्याइतका दम तिच्यात उरला नव्हता, पण आमचा छोटा काळापांढरा टीव्ही बॅटरीवर चालणाराच होता, आणि गेमची वायरही त्यांनी तिलाच जोडली. "तापंल जरा, पन चालंल," म्हणाले. तापली आणि चाललीही. खाऱ्या हवेने रिमोटचं बटण दबेनासं झालं, तेव्हा त्या जागी दारावरच्या बेलचं बटण बसलं. आमच्यासारखा रिमोट श्रीवर्धनपर्यंत कुणाकडे नव्हता, आणि ही फुशारकी मी शाळेत भरपूर मारली.

मग आईने आपला हात दाखवला. आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांचं मीठ, मसाला, सुकी मासळी असं सगळं कोरडं करून ठेवून द्यायचं. सगळ्यात कोरडी जागा कुठली, तर चुलीवर टांगलेली फळी. आईने विचार केला, एवढी महागाची वस्तू, पावसात सादळायला नको. बोंबील आणि जवळ्याच्या मधोमध तिने गेम फडक्यात बांधून ठेवली. दसऱ्याला काढली तेव्हा तिचा प्लास्टिकचा डबा वितळून भाकरीसारखा फुगलेला, आणि वास असा की मांजर तिच्याभोवतीच घुटमळत राहिलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, "एवढं काय झालं? सुकट न्हाय बिघडली ती!"

आतली सर्किटची पट्टी मात्र शाबूत होती. आबांनी ट्रकच्या बॉडीचं काम करणाऱ्याकडून फणसाच्या लाकडाची पेटी करून घेतली. त्या बाबाने सवयीने तीही ट्रकसारखीच रंगवली. लाल-पिवळी फुलं, दोन्ही बाजूंना मोर, आणि मागे ठसठशीत अक्षरांत 'हॉर्न ओके प्लीज'. ती ओळ वाचून आबांच्या डोक्यात आलं की अरे, याला हॉर्न हवाच!

खरं सांगायचं तर आबा शर्यतीत नेहमी हरायचे. जन्म घाटात गेलेला माणूस, पण पडद्यावरची गाडी हाती आली की वळणापाशी ब्रेक मारायचे, मागून आलेल्याला वाट द्यायचे. मी ओरडायची, "आबा, दाबा की! खोटी गाडी आहे!" ते म्हणायचे, "वळनावर पुढचं दिसत न्हाय, हॉर्न दिल्याबिगर कसा जाऊ?" मग पेटीच्या कुशीला हॉर्न बसला, त्याचं बटण रिमोटवर आलं. गेममध्ये त्याचा उपयोग शून्य. उलट तो वाजला की बॅटरीचा जीव जायचा आणि टीव्हीवरचं चित्र आक्रसायचं. आबा मात्र प्रत्येक वळणावर वाजवायचे आणि शर्यत संपली की, हरले तरी, थाटात दोन तोकडे, एक लांब. स्वयंपाकघरातून आई भांबावून न्हाणीकडे धावायची, पाणी चढवायची, आणि मग आठवायचं की नवरा तर घरातच मांडी घालून बसलाय. "मुडदा बशिवला त्या गेमचा!" असं काहीतरी बोलायची. आम्ही दोघं हसून लोळायचो. तेवढं सुख मला पुढे कुठल्याही महागड्या वस्तूने दिलेलं नाही.

मग शाळा सुटली, लग्न झालं, मी पनवेलला आले. माझ्या मुलांकडे आहे त्या गेममधली गाडी खरीच वाटते. तिच्यात हॉर्नही आहे. मी एकदा वाजवून पाहिला, जीव रमला नाही.

गेल्या वर्षी आबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. उजवी बाजू थोडी सुधारली, डावा हात ठणठणीत, पण माणूस भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, त्यांनी स्वतःहून, खुणेने का होईना, काहीतरी मागायला लागलं पाहिजे. पाणी, चहा, काहीही. पण ते मागतच नव्हते. दिलं तर प्यायचे, नाही दिलं तर तसेच. मी पितळेची घंटी आणून हाताशी ठेवली, तर त्यांनी ती उचलून अंगणात भिरकावली. मला रागही आला आणि बरंही वाटलं, कारण महिन्याभरात त्यांनी केलेली ती पहिली गोष्ट होती. पण पुढे पुन्हा तेच. आई माझ्याशी फोनवर बोलताना म्हणायची, "घरात हायेत, पन आलेच न्हाईत अजून." मला ते ऐकवत नसे.

यंदा आगोटीच्या वेळेला मी गेले. माळ्यावरून बरण्या काढताना ती पेटी सापडली. मोर अजून होते. मी मोठ्या आशेने ती बोर्लीच्या टीव्हीवाल्याकडे नेली. त्याने उघडली आणि मान हलवली. खाऱ्या हवेने आतली पट्टी खाऊन टाकली होती. येताना रस्ताभर मी चरफडत होते. एवढं एक चाललं असतं तर काय बिघडलं असतं?

हॉर्न तेवढा राहिला होता. घरी येऊन इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडला, तर घसा बसल्यासारखा खरखरला. मागचा स्क्रू हळूहळू फिरवत गेलं की आवाज मोकळा होतो, हे मला आबांनीच शिकवलेलं. पडवीत त्यांच्या खाटेशेजारी बसून मी तो फिरवत राहिले, बोलत राहिले, तुम्ही कसे हरायचात, मी कशी ओरडायची. त्यांनी काही मान वळवली नाही. शेवटी कंटाळून पेटी खाटेवर ठेवली, रिमोट त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवला आणि मागच्या अंगणात आईला मदत करायला गेले. जाताना डोळे पुसले, ते भरलेले तिला दिसायला नको होते.

आम्ही बोंबील उलटवत होतो. ऊन चढलं होतं. आणि हॉर्न वाजला.

दोन तोकडे. मग बराच वेळ काही नाही. मग एक लांब.

आई उठली. विचार केलाच नाही तिने, पदराला हात पुसत न्हाणीकडे चालू लागली. दारापाशी मात्र थबकली. मला वाटलं, आता आठवेल तिला. तिने एकदा पडवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "पानी ठेव गो. बा आला तुझा."