कॉलरचा कागद

माझ्या नातीला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी जिथे जाईल तिथून काहीतरी उचलून आणायची आणि तासन्‌तास बघत बसायची. शिळ्या पावाला बुरशी आली तरी फेकू द्यायची नाही. "राहू दे ना आजी, वाढू दे!" घरात खाणारी तोंडं चार आणि पाचवी ती बुरशी.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, शिंपी. दुकानात दोन मशिनं, कापायचं टेबल, आणि भिंतीतल्या खिळ्याला कागदी नमुन्यांचा जुडगा, कॉलर, बाही, खिसा असा. नमुन्यासाठी त्याने कधी कागद विकत आणला नाही. जुनं कॅलेंडर असो की खोक्याचं झाकण, जाड असलं की बस्स. कोऱ्या बाजूने आखतो आणि कापतो, मागे काय छापलंय ते बघतही नाही. कापड कापताना मात्र शिवणीत बोटभर जादा सोडतोच. "माणूस वाढतं, आई," म्हणतो.

शाळा संपल्यावर मुंगी म्हणाली, "मी बायोटेक्नॉलॉजी करणार." मला तो शब्द नीट म्हणायला आठवडा लागला. कॉलेजच्या पुस्तिकेत पांढरा कोट घातलेली, डोळ्यांशी काचेची नळी धरलेली मुलगी होती. मला वाचता फारसं येत नाही, पण चित्र कळतं. मी म्हटलं, हेच करू दे.

मुलाने टेबलावर खडूने तीन वर्षांची फी मांडली. बसभाडं, पुस्तकं, प्रयोगाचे पैसे. एक मशीन विकलं की बरोबर बसत होतं. अगदी बरोबर. दुसऱ्याच्या सदऱ्यात बोटभर सोडणाऱ्याने लेकीच्या हिशेबात सूतभरही सोडलं नव्हतं.

शेजारचा कंपाउंडर तिथेच बसला होता. म्हणाला, "दादा, नर्सिंगला घाला. निम्मा खर्च, नोकरी पक्की. नुसत्या या डिग्रीला कोण विचारतं? पुढे अजून दोन वर्षं काढावी लागतात."

मी म्हटलं, "अरे, दवाखान्यात सुया टोचतोस तेवढं पुरे की. इथे येऊन जिभेने कशाला टोचतोस?"

सगळे हसले. तोही हसला. त्या हसण्यात त्याचं बोलणं वाहून गेलं आणि आठ दिवसांत मशीन गेलं. राहिलेल्या मशीनवर बापाने लेकीचा पांढरा कोट शिवला.

मुंगी पहिल्या वर्गात पास झाली. नोकरी लागली डोळ्यांत घालायच्या औषधाच्या कारखान्यात. तिथे काचेच्या बशा उघड्या ठेवतात, मग उबेला ठेवतात. हवेत जंतू असले तर बशीत ठिपके उगवतात. ते मोजायचं काम हिचं. कारखाना स्वच्छ, त्यामुळे ठिपका सापडतच नाही. रोज दीडशे बशा बघायच्या आणि दीडशे वेळा शून्य लिहायचं. "काही उगवलं नाही की साहेब खूश, आजी," म्हणते. पगार आमच्याकडे काजं-बटणं करायला येणाऱ्या बाईपेक्षा थोडासा जास्त, आणि नोकरी राहील की नाही याची दर सहा महिन्यांनी धाकधूक.

वरची जागा हवी तर ती पुढची दोन वर्षं हवीतच. तिने अर्ज केला होता. मला एकटीलाच सांगितलं. महिन्याने विचारलं तर म्हणाली, "काही आलं नाही गं." मी विश्वास ठेवला.

परवा दुकानात मुलगा म्हणाला, "आई, ती कॉलर दे गं खिळ्यावरची." काढली, तर कागद हाताला नवा लागला. जाड, गुळगुळीत. सहज उलटा केला. दुसरीपर्यंतची माझी शाळा, अक्षराला अक्षर लावत वाचलं. मुंगीचं कागदोपत्री नाव, अर्धं कात्रीत गेलेलं. खाली "प्रवेश निश्चित". त्याखाली फी भरायची तारीख. त्या तारखेला दोन महिने उलटून गेले होते.

"कुठून आणलास रे हा?"

"मुंगीने दिला. म्हणाली, रद्दीत होता बाबा, नमुन्याला होईल. फार झकास कागद आहे, घडीसुद्धा पडत नाही."

मी कॉलर त्याच्या हातात दिली.

संध्याकाळी ती मोरीत डबा घासत होती. "मुंगे, काय करून बसलीस हे?"

तिने नळ बंद केला नाही. "एकच मशीन उरलंय आजी. तेही विकून बाबा काय हाताने शिवणार?"

"मला विचारायचं तरी होतंस!"

"तू हो म्हणाली असतीस. म्हणूनच नाही विचारलं."

काल कंपाउंडर सदरा शिवायला कापड घेऊन आला. नातीची चौकशी केली, पण तेव्हाची आठवण काढली नाही. भला माणूस. मग म्हणाला, "काय आजी, आज काही टोमणा नाही?"

 मुलाने तोच कागद कापडावर मांडला. म्हणाला, "आई, जरा धर, सरकतोय."

मी कोपरा दाबून धरला. लिहिलेली बाजू खाली होती. त्याने कडेकडेने खडू फिरवला, शिवणीपुरतं जादा सोडलं आणि कात्री घातली.