माळकऱ्यांची देखरेख समिती

मांसाच्या कारखान्यावर देखरेख ठेवायला आमच्या गावाने समिती नेमली, आणि तिच्यात घातले कोण, तर चार माळकरी. या अकलेला काय म्हणावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धरणगावकडच्या आमच्या गावाबाहेर जनावरं कापून मांस डबाबंद करायचा कारखाना यायचा होता. सांडपाणी सोडणार नाल्यात, आणि नाल्याला लागूनच आमच्या खालच्या वस्तीची विहीर. प्यायला दुसरं पाणी नाही. म्हणून परवानगीआधी कोणी तरी नीट पाहून या, असं मीच ग्रामसभेत म्हटलं. गळ्यात माळ असलेला माणूस खोटं बोलत नाही, एवढ्यावर गावाने चार म्हातारे निवडले. पाचवी मी. राखीव जागेवर निवडून आलेली, बाई हवी म्हणून घेतलेली.

मालकाने जीप पाठवली आणि दुसऱ्या जिल्ह्यातला त्याचा चालू कारखाना दाखवायला नेलं. फाटकाशीच वास आला. चौघांनी उपरण्याने नाकं दाबली. त्यांतले सगळ्यांत वडील आबा म्हणाले, "आमले चालत नई, माय." झालं. चौघे समोरच्या लिंबाखाली बसले आणि मालकाने दिलेली केळी खात राहिले.

मी एकटी आत गेले. मागच्या अंगाला लालसर पाणी उघड्या चारीतून थेट ओढ्यात जात होतं. कडेला आतड्यांचा ढीग, त्यावर माश्या घोंघावत होत्या. मटण आमच्याही घरी शिजतं, पण असलं पाणी आमच्या लेकरांनी प्यायचं? बाहेर येऊन सगळं सांगितलं, तर आबा म्हणतात, "मालक तर म्हने, पानी साफ करीसन सोडतस."

ग्रामसभेत आबांनीच निकाल दिला. "बठ्ठं चोख शे." म्हणजे सगळं चोख आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले. "आबा, आत तुम्हीन काय देखं?"

"आत कसा जासू, माय? गळामा माळ शे."

लोकांनी माना डोलावल्या, जणू फार मोठं पुण्य ऐकलं. सरपंच म्हणाले, "ताई, बसा आता. वडीलधाऱ्याला असं अडवू नये." आणि परवानगीच्या ठरावासाठी हात वर करायला सांगितले. भराभर हात वर गेले.

मी काही बसले नाही. म्हटलं, "पाणी चोख आहे ना? मग सांडपाण्याचा पाइप तुमच्या वरच्या आळीच्या विहिरीकडे काढा. उतार तिकडेही आहे. कोणाची हरकत आहे का?"

आबा ताडकन उठले. "आमनी विहीर बाटी जाई ना!"

मग एकेक हात खाली आला आणि ठराव तिथंच बारगळला. आमची विहीर वाचली. पण तिच्यासाठी त्या सभेतला एकही हात खाली आला नव्हता, आणि हा राग माझ्या मनातून आजही जात नाही.