सोमवारची चक्की

पोटाच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते रोज सकाळी नंबर लावून बाकावर बसलेले असतात! छातीत दुखलं की माणूस घाबरून गप्प होतो, पोट बिघडलं की मात्र बोलायला लागतो. चिखलीत आमच्या सरांचा पोटविकारांचा दवाखाना आहे. सर तपासतात, औषध देतात आणि मग पेशंटला माझ्या खोलीत पाठवतात. मी डाएटिशियन. ज्याचं पोट वर्षानुवर्षं ताळ्यावर येत नाही, त्यानं काय खावं, कधी खावं, हे त्याच्या घरादारासकट जुळवून द्यायचं, हे माझं काम. मी मूळची साखरखेर्ड्याची, म्हणजे ह्याच भागातली. त्यामुळे पेशंट माझ्याशी बोलताना काही हातचं राखत नाहीत आणि मीही रागावताना राखत नाही.

"काल काय काय खाल्लं?" हा माझा पहिला प्रश्न. एकदा एक रिटायर्ड गुरुजी आले, गॅसनं हैराण.

"काहीच नाही मॅडम. पोटच ठीक नाही, त खाईन काय?"

"चहा?"

"चहा त घ्याच लागते. कोनाच्या घरी गेलं त नाही कसं म्हनता?"

"चहाबरोबर?"

"टोस्ट. तो चहातच गेला."

मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. जावयानं शेगावहून आणलेली कचोरी, शेजारच्या पूजेचा शिरा, व्याह्यांनी आग्रहानं वाढलेले गुलाबजाम. मी कपाळावर हात मारला. "गुरुजी, ह्याला काहीच नाही म्हणतात?"

"म्या खाल्लं कुठं मॅडम? म्या लोकायचं मन राखलं!"

*

सुपडाआबा पहिल्यांदा आले ते बायकोच्या, म्हणजे गोदाकाकूंच्या, खांद्याला धरून. रोहिणखेडच्या पलीकडचं त्यांचं छोटंसं गाव. तिथे दर वर्षी मारुतीचा भंडारा होतो, रोडग्यांचा. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आणि रोडगे भाजावेत तर आबांनीच! गावची रीत अशी, की पहिला रोडगा आबा फोडणार, तोंडात घालणार, "चालू द्या!" म्हणून आवाज देणार, आणि मगच पंगत जेवायला लागणार.

तो माणूस माझ्यासमोर बसला होता तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. जुलाब थांबत नव्हते, अंगात रक्त नव्हतं. सरांनी तपासण्या करून नाव सांगितलं, सिलिॲक. गव्हातला एक घटक आतड्यांना सोसत नाही, असा आजार. ह्याच्यावर गोळी नाही. गहू बंद, जन्मभर बंद, कणभरही चालत नाही, एवढाच इलाज.

आबांनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मंग भंडाऱ्याले?"

"रोडगे नाहीत आबा. भाजायचेसुद्धा नाहीत. कणीक मळताना पीठ उडतं, ते नाकातोंडात जातं."

"अन् पंगतीत नुसतं बसनं? भाजी खाईन मी."

"नको. रोडगा वाढणारा हात भाजीलाही लागतो."

आबा खाली बघत राहिले. "पोळी गेली त चालते मॅडम. पन पंगत गेली त मानूस गावातून उठला म्हना."

ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, सगळं समजावून सांगितलं, हिंगात मैदा असतो हेही सांगितलं. काकू एकेक शब्द पाठ केल्यासारखा घोकत होत्या. आबांचं मात्र लक्ष नव्हतं.

*

मधेच आमचे एक अडत्येसाहेब आठवले. ह्यांनी मोबाइलवर बघून स्वतःचं डाएट स्वतःच ठरवलं होतं आणि पोटाचा पार खेळखंडोबा करून आले होते.

"ओट्स खाऊन राह्यलो होतो मॅडम. उरले ते म्हशीपुढं ठेवले. तिनं वास घेतला अन् तोंड फिरवलं! जनावराले समजते, अन् मी काऊन खाऊन राह्यलो?"

मी त्यांना ज्वारीच्या कण्या आणि ताक सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"कन्या? माह्या मायनं जिंदगीभर हेच समोर ठेवलं, अन् म्या जिंदगीभर नाक मुरडलं!"

*

साखरखेर्ड्याची एक सून होती, पोटदुखीनं बेजार. जेवण काय, ते ठीकच होतं. कधी जेवते विचारलं तर म्हणाली, सगळ्यांचं झाल्यावर. म्हणजे कधी दुपार टळल्यावर, कधी त्याहूनही उशिरा, उभ्या उभ्या. सासरे सोबत आले होते. मोठ्या मिशा, कडक माणूस. मी मनात म्हटलं, आता वाद होणार. तरी सांगून टाकलं, "हिचं औषध म्हणजे वेळेवर, बसून जेवण. बाकी सगळ्यांच्या आधी."

म्हातारा तडक उठून गेला. मी म्हटलं, झालं, हे काही व्हायचं नाही.

पुढच्या खेपेला सून आली ती गालात हसतच. घरी आता तिचं ताट पहिलं लागतं, आणि ती घास घेईपर्यंत नवरा, दीर, सासू सगळे पाटावर बसून वाट बघतात. सासूबाई पहिल्या दिवशी फणफणल्या, तर म्हाताऱ्यानं एका वाक्यात विषय मिटवला.

"दवाई जेवनाच्या आधीच घ्या लागते!"

*

आबांचं मात्र सुधरेना. पुन्हा तपासलं तरी तेच. मला संशय आला, चोरून खातायत. चांगलं तासलं मी त्यांना. तशा गोदाकाकू उसळल्या.

"मॅडम, देवाची आन, घरात गव्हाचा दाना नाही! ह्यायच्यासंगं म्या बी सोडला. भाचीच्या लग्नातली पुरी बी म्या हाती नाही घेतली!"

मी ओशाळले. मग एकेक विचारत गेले. भांडी नवी? हाव. तवा वेगळा? हाव. ज्वारी घरची? हाव.

"दळता कुठे?"

"चक्कीवर. गजाभाऊच्या."

"तुमच्या आधी कोणाचं दळण असतं?"

"असते कोनाचं बी. गव्हाचंच..." आणि काकूंचा हात तोंडावर गेला.

आपल्याकडे चक्कीवर कोण बघतं हो? आधीच्याचं मूठभर पीठ आपल्या डब्यात येतं, आपलं मूठभर पुढच्याच्या डब्यात जातं, आणि त्यावरून कधी कोणी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही. नेमकं तेच आबांना रोज मारत होतं!

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात फोन आला. "गजानन चक्कीवाला बोलून राह्यलो मॅडम. आबाच्या दळनाचं काय करू? चक्की खोलू का?"

मी म्हटलं, खोला, झाडून पुसून काढा, आधी ढोरांसाठी ज्वारी दळा, म्हणजे उरलासुरला गहू तिच्यात निघून जाईल, मग आबांची. पण खोलीभर गव्हाचं पीठ उडत असेल, तर काही उपयोग नाही.

गजाभाऊ म्हणाले, "बरं. रविवारी साफ करतो, अन् सोमवारी गहूच नाही दळत."

"लोक ऐकतील?"

"पाह्यतो."

खरं सांगते, मला वाटलं, पहिल्या सोमवारीच बोंबाबोंब होईल. पुढे रोहिणखेडला शिबिर होतं, तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून सोमवारी चक्कीवर गेले. दारावर खडूनं लिहिलेलं, 'सोमवारी फक्त ज्वारी'. बायकांची ही रांग, आणि प्रत्येकीच्या डब्यात ज्वारी! एक नवी नवरी गव्हाचा डबा घेऊन आली, तर रांगेतल्या म्हाताऱ्या तिच्यावर तुटून पडल्या.

"सोमवारी गहू? तुह्या सासूनं सांगतलं नाही काय तुले?"

बिचारी तशीच मागे फिरली. कोणी सभा घेतली नव्हती, कोणी शपथ दिली नव्हती. मी सरांना सांगितलं, तर आमचे सर, जे कधी कशाचं कौतुक करत नाहीत, ते चष्मा काढून म्हणाले, "मी तर औषध एकाच माणसाला दिलं होतं!"

*

आबा भरले. सदऱ्यात माणूस दिसायला लागला, दवाखान्याचा जिना एकट्यानं चढायला लागले. पण भंडाऱ्याचं नाव काढलं की चेहरा उतरायचा. त्या दिवशी ते घराचं दार लावून बसायचे म्हणे. "भजनाचा आवाज येते मॅडम. मी कूस पालटतो."

यंदा भंडाऱ्याचं निमंत्रण मला आणि सरांना आलं. मारुतीचा भंडारा, म्हणजे शनिवारच असणार, तर ह्यात सोमवार! चूक झाली असेल म्हणून गजाभाऊंना फोन लावला.

"बरोबर हाय. या तुमी."

गेलो. देवळासमोर पंगत बसलेली, लांबच लांब. आबांना काही न सांगता हाताला धरून आणलं होतं आणि वरच्या टोकाला बसवलं होतं. ते बावरून इकडेतिकडे बघत होते. गोवऱ्यांचा धूर कुठेच नव्हता.

मग बायका आल्या. घराघरातून, डोक्यावर टोपली घेऊन. सगळ्यांत पुढे गोदाकाकू. टोपलीत भाकरी, ज्वारीच्या! सगळ्यांच्या टोपल्यांत ज्वारीच्या भाकरी! गजाभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाजीत हिंग बी नाही टाकला मॅडम."

काकूंनी पहिली भाकरी आबांच्या पानावर ठेवली. "फोडा."

अख्खी पंगत हात आवरून बसलेली, लेकरंसुद्धा. आबांनी भाकरी मोडली, घास तोंडात घातला, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच आवाज दिला, "चालू द्याऽऽ!"

मी पदरानं डोळे पुसत होते. माझ्या शेजारी गावचे एक जावई बसले होते, जालन्याकडचे. त्यांनी पानाकडे पाहिलं, पंगतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि वाढणाऱ्या म्हातारीला विचारलं, "मावशी, भंडारा म्हणता अन् रोडगे कुठं आहेत?"

म्हातारीनं त्यांच्या पानावर आणखी एक भाकरी ठेवली.

"आज सोमवार व्हय ना, जावईबापू!"